अठरा गुलाब

वकीलबाईंनी अल्बमच्या पहिल्याच फोटोवर बोट ठेवलं. “हा कसला समारंभ?”

“मायलीनचा अठरावा वाढदिवस!” गिल खुर्चीत पुढे सरसावला. “अठरा पुरुष एकेक गुलाब देतात आणि तिच्याबरोबर नाचतात. शेवटचा मान बापाचा. तो हा मी. पाय कुठे पडतायत बघा माझे!”

लोर्नाने टेबलाखालून त्याला पाय मारला. सकाळपासून ती बजावून सांगत होती, विचारतील तेवढंच बोल. पण अमेरिकेचा नागरिक तो, मायलीनला इकडे आणायचा अर्ज करणार तो, त्यामुळे आज त्याच्या तोंडाला कुलूप घालायची सोय नव्हती. व्हॅलेहोच्या चर्चमागच्या हॉलमध्ये दर शनिवारी फुकट सल्ला मिळायचा, आणि तिथे हा माणूस पाच किलोचा अल्बम बगलेत मारून आला होता. म्हणे, सावत्र बापाची माया दिसली पाहिजे.

“आणि तुमचं लग्न?”

“त्यानंतर दोन महिन्यांनी. जानेवारीत. मायदेशी, इलोइलोला, हिच्या गावी.”

वकीलबाईंनी अल्बम मिटला. “लोर्नाताई, सावत्र बाप मुलीसाठी अर्ज करू शकतो. पण लग्न मुलीला अठरा पुरी व्हायच्या आधी झालेलं लागतं. तुमचं नंतर झालं. कायद्याने हे तिचे कोणी लागत नाहीत.”

“कोणी लागत नाही?” गिल म्हणाला. “अहो, केक मी आणला!”

“केक नसता तरी ती अठराची झालीच असती.” वकीलबाई आता लोर्नाकडे वळल्या. “दोघं तिथेच होतात. दोन महिने आधी उरकायला काय झालं होतं?”

लोर्नाने मान खाली घातली. “त्या वर्षी मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, दिविनाचं लग्न झालं होतं.”

“सुकोब!” वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांचेही आईवडील तिकडचेच. “एका वर्षात दोन सख्ख्या बहिणींची लग्नं झाली तर एकीचा संसार मोडतो, तेच ना?”

“आई हटूनच बसली. वर्ष पालटू दे म्हणाली.”

“मग आता?” गिलने विचारलं.

“आता आई म्हणून यांनी स्वतः अर्ज करायचा. पण या अजून नागरिक नाहीत, त्यामुळे रांग मोठी. मुलगी वीस वर्षांची आहे. एकवीस पूर्ण झाली की त्याहून मोठ्या रांगेत जाईल. कित्येक वर्षं लागतील. आणि तोवर तिने लग्न करायचं नाही.”

बाहेर गाडीत बसल्याबसल्या लोर्नाने फोन लावला. इलोइलोत रविवारची सकाळ झाली होती. गेला आठवडाभर ती व्हॅलेहोच्या घरात मायलीनसाठी खोली लावत होती. नव्या गादीवरचं प्लास्टिकसुद्धा तिने काढलं नव्हतं, पोरीने स्वतःच्या हाताने काढावं म्हणून. फोन आईने उचलला आणि लोर्नाचा तोल सुटला. सगळं एका दमात सांगून ती ओरडली, “तुझ्या त्या सुकोबपायी माझी मुलगी अडकली!”

“मी लग्न लांबवायला सांगितलं होतं,” आई शांतपणे म्हणाली. “वाढदिवस तुम्ही का नाही लांबवलात?”

“वाढदिवस कसा लांबवणार, आई?”

“आणि दिविनाचा संसार टिकला ना शेवटी?”

“तिचा नवरा सेबूला दुसरीबरोबर राहतो!”

“राहू दे. मोडला कुठे? आपल्याकडे घटस्फोट मिळतो का?”

लोर्नाने फोन कानापासून दूर धरला आणि पुन्हा कानाला लावला. या बाईशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे काय तिला आज कळत होतं? “मायलीनला दे.”

मायलीन आली. पोरीला सावरायला काय काय बोलायचं ते लोर्नाने मनात जुळवून ठेवलं होतं. रडू नकोस, बाळा. आपण दुसरा वकील बघू. मी लवकर नागरिक होईन. त्यातलं एकही वाक्य तिला वापरावं लागलं नाही. मायलीनने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे मी इथेच?”

“आत्ता तरी. पण मी—”

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. ओझं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा.

“बरं, मम्मी. तू चिडचिड करू नकोस. आजीला काही बोलू नकोस हं, तिचा रक्तदाब वाढतो.” मग फोन बाजूला धरून, पण ऐकू येईल अशा बेताने, “आजी, तू बस गं. मासे मी तळते.” कढईत तेल चर्रकन वाजलं. आजी काहीतरी पुटपुटली आणि मायलीन हसली. मोकळं, पोटातून आलेलं हसू. लोर्नाला तिने इतक्या दिवसांत फोनवर असं हसून दाखवलं नव्हतं.

गिल अल्बम मांडीवर घेऊन बसला होता. त्याचे डोळे भरून आले होते. “रडतेय का गं ती?”

लोर्नाने फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

“हो,” ती म्हणाली. “खूप.”