बंद बैठक

दहशतवादी समजून इद्रिस वारसामेला परदेशी तुरुंगात डांबलं होतं, आणि त्याचं नाव तिकडे कळवलं होतं इथूनच, ओटावाहून. चौकशी समितीसमोर आपली हकीकत सांगून तो थांबला.

"आता जरा बाहेर बसा," अध्यक्ष मार्गो लाव्हिन म्हणाल्या. "पुढचं गोपनीय आहे."

"माझ्याबद्दलचंच ना?"

"हो."

तो कोट उचलून बाहेर गेला. आत, नाव कळवणाऱ्या गुप्तचर खात्याच्या अधिकाऱ्यांनी चूक कबूल केली. नाव तेवढं सारखं होतं, माणूस भलताच पकडला गेला. पण हे फुटलं तर मित्रदेश माहिती देणं बंद करतील, म्हणून अहवाल दडवून ठेवायचं ठरलं. मार्गोबाईंनीही हात वर केला.

त्या बाहेर आल्या तसा इद्रिस उठून उभा राहिला.

"मॅडम, मला भरपाई नको, काही नको. पोरीला शाळेत अतिरेक्याची मुलगी म्हणतात. घरी जाऊन तिला काय सांगू, तेवढं सांगा."

मार्गोबाईंनी मान खाली घातली.

"कळलं," तो हळूच म्हणाला. "म्हणजे तुम्हालाही तसंच वाटतं."

'नाही' एवढा शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही.