पहिला खांदा

निजामाच्या अमलातल्या बीडमध्ये कुणाचीही मयत असो, तिरडीला पहिला खांदा उत्तरेश्वराचा. "ना बायको, ना पोर, ना भावकी. तरी गावाचं मरण आपलं मानतो बिचारा," असं म्हणत लोक त्याला हात जोडायचे.

खरं काय ते अर्जुनराव वकिलांना ठाऊक होतं. स्मशानातून परतताना, चितेचा धूर अंगावर तसाच असताना, तो त्यांना हटकून गाठायचा. "वकीलसाहेब, वाटणीचा दावा तुमच्याकडंच येणार. जायदादीची किंमत लावायचं काम मलाच द्या. अदालतीत माझी किंमत कुणी खोडत न्हाई. मढ्याला आंघोळ घालायला पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलतो. माजघरात तांब्याची लई घंगाळं हायत, अन् सागवानी पेटीची किल्ली म्हातारीच्या कमरेला."

अर्जुनरावांना अशी शिसारी यायची, की ते त्याला मागं टाकून झपाझप घरची वाट धरायचे.

एके दिवशी त्यांच्याच गल्लीतला धोंडीराम हमाल गेला. तिरडी बांधून झाली, पण खांद्याला अर्जुनराव धरून तिघंच. शेवटी उत्तरेश्वराला बोलावणं गेलं. तो लगबगीनं आला आणि सवयीनं आधी घरात डोकावला. आत एक मोडकी बाज, एक मडकं आणि भिंतीला टेकून रडणारी धोंडीरामाची बायको केसरबाई.



तो उंबऱ्यावरूनच मागं सरला. "खांदा दिला असता, वकीलसाहेब. पण काय करावं, आमच्या भावकीत सुतक हाय."