आण्णांना झोंबतंय

पीएच बरोबर, क्लोरीन बरोबर. मीटरच्या मते पोहण्याचा तलाव उघडायला हरकत नव्हती. तरी काचेच्या पेटीतला डोळा लाल होता.

"आण्णांना अजून झोंबतंय," सुवर्णा म्हणाली.

तिचे वडील धोंडीराम आण्णा तीस वर्षं या तलावावर कामाला होते. दर उन्हाळ्यात पहिली बुडी त्यांची. खोल टोकाला तळाशी जाऊन ते डोळे उघडायचे आणि मगच पोरांना आत सोडायचे. ते गेल्यावर त्यांच्याच पेशींपासून हा डोळा वाढवला होता, आणि त्या तळाचंच पाणी नळीने पेटीत येत होतं.

फाटकाबाहेर पोरांचा गलका चालला होता.

"ताई, मीटर चुकत नसतंय," नवा इंजिनियर अल्ताफ म्हणाला.

"मीटर वर लावलंय. आण्णा खाली बघायचे."

अल्ताफने कुरकुरतच तळाचं पाणी काढून तपासलं. सकाळी ओतलेलं ॲसिड न मिसळता तिथेच साचलं होतं. त्याने पाणी ढवळायला पंप सुरू केला.

दोन तासांनी डोळा पांढराशुभ्र झाला. किल्ली घेऊन फाटकाकडे निघालेला अल्ताफ अर्ध्यातून परत आला आणि पेटीसमोर वाकला.

"आण्णा, सोडू का पोरांना?"