गारठ्याचा डायलॉग

शिट्टी वाजली आणि घोगऱ्या परत खाली बसला.

नुसता बसला नाही. चांगला उकिडवा बसला, दोन्ही हात डोक्यावर, बोटांत बोटं अडकवून. माईक राहिला वर आणि त्याचा डायलॉग गेला थेट जाजमात.

"अरे, काय चाललंय काय तुझं?" डायरेक्टर ताईंनी कागद मांडीवर आपटले. त्या माईकच्या खोलीतच, त्याच्या शेजारी स्टुलावर बसायच्या. ओठ जुळले नाहीत की जागच्या जागी शब्द बदलून द्यायच्या. "पडद्यावर तो ताठ उभाय आणि तू लोटांगण काय घालतोस?"

"गुडघा, ताई. मधेच दगा देतो."

"डायलॉग गुडघ्याने म्हणतोस का?"

पिक्चर परदेशी होता, आवाज आपल्या भाषेतले भरायचे होते. आणि पिक्चर काय, विचारू नका! जगातले एकापेक्षा एक नग खलनायक एका तुरुंगात कोंबलेत. सरकार प्रत्येकाच्या मानेत स्फोटक चिप बसवतं आणि सांगतं, आमच्या सैनिकांना जे झेपत नाही ते करून या. जिवंत आलात तर शिक्षा कमी. पळालात तर मुंडकं गायब. त्यातला एक गारठा. नुसती फुंकर मारली की अख्खा ट्रक गोठतो. घोगऱ्याचा तो खोल, खरखरीत आवाज गारठ्याला असा बसला होता की जणू मापाने शिवलाय.

सीन सोपा होता. तुरुंगाच्या अंगणात मोजणीची शिट्टी होते. सगळे कैदी खाली बसतात. गारठा एकटा उभा राहतो आणि म्हणतो, "आज मी बसणार नाही."

बस्. एवढंच. आणि नेमकं तेवढंच घोगऱ्याला जमत नव्हतं.

गुडघ्याला काही धाड भरली नव्हती. घोगऱ्याने स्वतःच काही वर्षं आत काढली होती. तिथे शिट्टी झाली की खाली बसायचं, हात डोक्यावर. तोंडात घास असो, अंगाला साबण असो. डोक्याला कळायच्या आत पाय बसलेले असायचे. तो सुटून आला, घरी राहायला लागला, पण ते पायांना कुणी कळवलंच नव्हतं.

आणि हे इथे कुणाला कळून चालणार नव्हतं. आधीच्या दोन्ही नोकऱ्या तशाच गेल्या होत्या; कळलं की दुसऱ्या दिवशी गोड बोलून नारळ. मग दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्याने, शब्द टाकून त्याला इथे चिकटवलं. वर बजावलं, "इतकी वर्षं कुठे होतास विचारलं तर बोटीवर होतो म्हण." आजवर तो गर्दीतच ओरडायचा. भाचा विचारायचा, "मामा, ह्या पिक्चरमध्ये तू काय बोललास?" तर मामा सांगायचा, "पळा!" आज पहिल्यांदा खरं, नाव असलेलं पात्र मिळालं होतं.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट काका होते. टकलू, सुरकुतलेले, 'हं'च्या पुढे सहसा न जाणारे. घोगऱ्या पहिल्यांदा खाली बसला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे टक लावून बघितलं. ओळखलं ह्यांनी, त्याला वाटलं. आता सांगणार. पण काका माईकवरून एवढंच म्हणाले, "केबलमधून खरखर येतेय. तसाही टेक गेलाच होता. परत घेऊ."

दुसऱ्या वेळीही तेच. आणि आत्ता, तिसऱ्या वेळीही.

"खरखर आली, ताई," काका म्हणाले. "त्याची चूक नाही. परत घेऊ."

घोगऱ्याला तर कसलीच खरखर ऐकू आली नव्हती.

"हा शेवटचा," ताई म्हणाल्या. "नाहीतर बाहेर दुसरा मुलगा बसलाय. त्याचे गुडघे ठणठणीत आहेत. आणि काका, ती खरखर एकदाची शोधाच. तुम्ही फक्त ह्याचा आवाज ऐकताय ना? पिक्चरचा ओरिजिनल आवाजपण लावा कानाला. चांगलं मोठ्ठं करून."

काकांचा हात बटणावर तसाच थांबला. "नको ताई. ओरिजिनल मी नाही ऐकत."

"ऐका हो एकदा. चावत नाही ते."

काकांनी बटण फिरवलं. दिवा लाल झाला.

शिट्टी आली. लांबलचक. घोगऱ्याच्या हेडफोनमधून, कानांतून सरळ पोटऱ्यांत उतरली. गुडघे सुटायला लागले. त्याने टाचा जमिनीत रोवल्या, पॅन्टच्या शिवणी मुठीत आवळल्या. पडद्यावर एकेक कैदी खाली जात होता. त्याच्या मांड्या लटलटत होत्या, पण माईक अजून तोंडासमोरच होता.

"आज," तो अगदी हळू म्हणाला, "मी बसणार नाही."



"झकास!" मान वर न करताच ताई कागदावर भलीमोठी खूण करायला लागल्या. "हाच! काका, मिळाला ना?"



घोगऱ्याने हसत काचेकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती, अजून गरगर फिरत होती. मशीनच्या कडेवरून तेवढं टक्कल दिसत होतं, वाकडा झालेला हेडफोन दिसत होता, आणि त्यावर दोन सुरकुतलेले हात, बोटांत बोटं अडकवून.

"काका?" ताई मान वर करायला लागल्या.

घोगऱ्या चटकन त्यांच्या आणि काचेच्या मधे जाऊन उभा राहिला.

"केबलला खरखर आहे, ताई. काका खाली बघतायत."