एकच पिल्लू

आमच्या अंगणातलं युक्काचं झाड म्हणजे माझ्या नवऱ्याचा, क्लाइव्हचा, जीव की प्राण. तलवारीसारखी पानं, पिवळी किनार, टोकांना गुलाबी झाक; अशी जात कुठल्या नर्सरीत मिळत नाही. इथे इंग्लंडात युक्काला बी धरत नाही. बुडाशी फुटलेलं पिल्लू कापून लावावं लागतं. माझ्या बहिणीने एक मागितलं, तर क्लाइव्ह म्हणाला, "छे, झाड दुखावतं."

रविवारी शेजारच्या गावातल्या बागा सगळ्यांना बघायला खुल्या होत्या. क्लाइव्हचा गुडघा नेमका त्याच दिवशी धरला. मी एकटीच गेले. रोवीना नावाच्या बाईच्या दारात हुबेहूब आमचंच झाड! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सख्ख्या मेहुणीला नाही, आणि हिला पिल्लू दिलं?

"कुणी दिलं हो तुम्हाला हे?" मी आवाजात साखर घोळून विचारलं.

"मला कोण देणार? मूळ झाड हेच," केकची बशी पुढे करत ती म्हणाली. "याचं एकच पिल्लू काढलं मी, वीस वर्षांपूर्वी, एकासाठी. तो अजून दर थंडीत याची पानं बांधून द्यायला येतो. म्हणतो, 'दुसऱ्या कुणाला देऊ नकोस हं, रो. झाड दुखावतं.'"