धाकट्याची पाठ

धाकटा दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर पालथा पडला होता आणि थोरला भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. डॉक्टर मॅडमनी खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही.

"दुखतं कुठे?" मॅडमनी विचारलं.

"उजवीकडे," धाकटा म्हणाला. त्यांनी तिथे दाबलं. "नाही, जरा डावीकडे."

"एकदा काय ते ठरव," थोरला म्हणाला. "मी उभा जन्म वासे वाहिले. आमच्या पाठीला दुखायला सवडच नव्हती."

लाकडाच्या वखारीत या बापलेकांना थोरला आणि धाकटा हीच नावं पडली होती. वाशाचं पुढचं टोक बापाच्या खांद्यावर, मागचं मुलाच्या. जोडी गोदामातून निघाली की बाकीचे आपसूक बाजूला होत. थोरला चहासुद्धा उभ्यानेच घेई. बसला की माणूस आळसावतो, असं त्याचं म्हणणं. गादी सोडून तो कधीपासून जमिनीवरच झोपे.

मग एका सकाळी, ट्रक हाकेच्या अंतरावर असताना, धाकटा "थांबा" म्हणाला. वासा खाली ठेवायला लावून तो कमरेला हात लावून भुशातच बसला. त्याच आठवड्यात पुन्हा तेच. एवढा तगडा गडी, ऐन पंचविशीत. वखारीत त्याचं हसं झालं. करवतवाल्याने त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं आणि येता-जाता "आजोबा, काठी आणू का?" असं विचारायला सुरुवात केली.

एका टोकाने वासा उचलला जात नाही, म्हणून मालकाने दोघांनाही हलक्या कामावर घातलं. आता ते जुन्या फळ्यांमधले खिळे उपटत.

"तुझ्यापायी मी खिळे उपटतोय," थोरला कोणीही जवळून गेलं की मोठ्याने म्हणे. धाकटा खाली मान घालून ऐकून घेई.

मॅडमनी तपासणी संपवली. "गोळ्यांनी भागणार नाही. रोज व्यायाम हवा. आणि एकट्याने करायचा नाही. एकटा माणूस टाळाटाळ करतो. घरातलं कोणीतरी बरोबर करणारं पाहिजे."

"याची आई करील," थोरला म्हणाला.

घरी आईने एका वाक्यात विषय संपवला. "मला ढीगभर कामं आहेत. मुलगा तुमचाही आहे."

तेव्हा रोज सकाळी बापलेक शेजारी-शेजारी चटया टाकून आडवे होऊ लागले. गुडघे छातीशी, मग कंबर हळूहळू वर. थोरल्याच्या कपाळावर घाम येई. पण पोरासमोर हरला तर तो बाप कसला.

"मला नाही जमत," म्हणून धाकटा मध्येच थांबला की थोरल्याला चेव येई. "हे बघ. तुझ्या दुप्पट वयाचा माणूस करतोय ना? चल, आणखी एकदा." आई चुलीपाशी पाठ करून उभी असे.

दवाखान्यातही मॅडम आधी थोरल्यालाच टेबलावर घेत. "तुम्ही करून दाखवा म्हणजे याला समजेल," असं म्हणत. थोरला कुरकुरत का होईना, दाखवी.

धाकट्याचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. पाठीची गोष्ट मुलीकडच्यांच्या कानावर गेली आणि निरोप आला, जरा थांबू या. थोरला त्या दिवशी जेवला नाही. मुलगी कामाला होती तो शिवणकारखाना सुटायच्या वेळी धाकटा फाटकाशी जाऊन उभा राहिला. ती मैत्रिणींमधून बाजूला आली.

"कायमचं आहे का हे?" तिने विचारलं.

"नाही."

"मग घरी तसं सांगत का नाहीस?"

"सांगेन. आज नाही. थोडा धीर धर, एवढंच."

"बरं. आमच्या बाबांना मी थोपवते," ती म्हणाली.

निरोपाचा परिणाम थोरल्यावर असा झाला की तो संध्याकाळीही चटया टाकू लागला. "तुला उभा केल्याशिवाय मी गप्प बसणार नाही," तो म्हणे. आणि खरंच बसला नाही. सकाळी धाकट्याचं पांघरूण ओढून त्याला उठवायचं कामही त्याने स्वतःकडे घेतलं.

उन्हाळा लागता लागता मॅडमनी वजन उचलायची परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी गोदामातला सगळ्यात लांब वासा ट्रकवर चढवायचा होता. थोरला पुढे झाला, गुडघ्यांत वाकला, पाठ सरळ ठेवून उठला. मागे धाकटा. जोडी अंगणातून निघाली तशी करवत थांबली. ट्रकपाशी वासा अलगद टेकला, तेव्हा करवतवाला म्हणाला, "आजोबा, जिंकलास." त्यानंतर ते नाव कोणी घेतलं नाही. चार दिवसांत मुलीकडून होकार आला.

शेवटच्या खेपेला थोरला छाती काढून दवाखान्यात शिरला. "मॅडम, औषध तुमचं, पण मेहनत माझी. मी मागे लागलो नसतो तर हा अजून पालथाच पडला असता."

"अगदी खरं," मॅडम म्हणाल्या.

तो बाहेर गेला आणि बाकावरच्या लोकांना, पोराची पाठ आपण कशी बरी केली, ते पहिल्यापासून सांगू लागला. मॅडमनी दार लोटलं.

"बाबांची पाठ आता ठणठणीत आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता तरी त्यांना सांगशील का, तुझी कधी दुखलीच नव्हती म्हणून?"

"नको," धाकटा म्हणाला. "दुखणं कोणाचं होतं ते कळलं, तर उद्यापासून व्यायाम बंद करतील."