वहिनीचं मत

कारखान्यातला बॉयलर फुटून तिचा नवरा गेला, त्याला चार महिने झाले होते. बॉयलरची दरवर्षीची तपासणी इथूनच पुन्हा उभ्या राहिलेल्या मंत्र्याने बंद केली होती, हे साऱ्या वस्तीला तोंडपाठ होतं. निवडणुकीच्या दिवशी ती सकाळीच मत देऊन आली आणि रोजच्यासारखी शिलाई मशीनवर बसून शर्टांना कॉलर जोडू लागली.

"पाडलंत ना वहिनी त्याला?" धाकट्या दिराने दारातूनच विचारलं.

"त्यालाच दिलं."

"अहो, दादाचा जीव त्याच्यामुळे गेला!"

"माहितीये," सुईत दोरा ओवत ती म्हणाली.

 

"ह्यांना घरी आणलं ना भावजी, तेव्हापासून मला रडूच फुटलेलं नाही. त्या दिवशी तो मंत्री आला, उंबऱ्यात बसला आणि माझ्या वाटचंही रडून गेला."